अडीच बाय तीनची न्हाणी

ज्या गाडीतून आम्ही तीन दिवस कुहीच्या बाजूला जाऊन आलो, ती आधी शाळेची मुलं नेत असे. विलासभाऊंनी तिच्यातली बाकं काढली, दोन पलंग बसवले, गॅसची शेगडी ठेवली आणि मागच्या कोपऱ्यात फायबरच्या पत्र्याची एक न्हाणी उभी केली. अडीच फूट रुंद, तीन फूट खोल. त्यातच संडासाचं भांडं, त्याच्यावर दुमडून ठेवायचं बेसिन, भिंतीला हातात धरायचा शॉवर. लोक ही गाडी घेऊन जंगल बघायला जातात. न्हाणीचं दार एकदा उघडून बघतात, हसतात आणि मुक्कामाच्या हॉटेलात आंघोळ करतात. "ताई, फोटोपुरतं हाय ते. कोणी वापरत नाही," असं विलासभाऊंनी स्वतःच सांगितलं.

आम्ही ती गाडी फक्त त्या न्हाणीसाठी घेतली होती.

माझ्या बाबांच्या पोटावर पिशवी आहे. दोन वर्षांपूर्वी रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून शौच पोटाला केलेल्या वाटेने त्या पिशवीत उतरतं. ते केव्हा येईल यावर माणसाचा ताबा नसतो. दिवसातून चार-पाच वेळा पिशवी रिकामी करायची, धुवायची, आणि तीन-चार दिवसांनी बदलायची. त्यासाठी बसायला भांडं लागतं, हाताशी पाणी लागतं, सामान ठेवायला कोरडी जागा लागते आणि आतून लागणारी कडी लागते. एवढ्या चार गोष्टी. आपल्याकडे रस्ते चौपदरी झाले, टोलनाके चकचकीत झाले, पण या चार गोष्टी एकत्र असलेला संडास उमरेड रोडवर मला कोणी दाखवावा. म्हातारी माणसं, पाळी सुरू असलेल्या बायका, आजारी माणसं, यांनी घरातच बसावं असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे आणि त्याला प्रवासाची सोय म्हणतो.

हे लिहू का, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. आता कोणापासून लपवायचं राहिलं?"

निघण्याआधी

बाबा कंपोझिटर. खिळे जुळवण्याचं काम गेलं तरी नजर गेली नाही. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्याला बसायला जागा करायची म्हणजे आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागायचे. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, घड्या घालायला पत्रकांवर शिकले, आणि रागवायलाही तिथेच शिकले. हाताने मैला काढायला लावण्याविरुद्ध बाबांनी किती पत्रकं जुळवली असतील, त्याची मोजदाद नाही. त्यातली बरीचशी ते आणि दौलतकाका मिळून लिहीत. एक वाक्य एकाचं, पुढचं दुसऱ्याचं, आणि दोघांचं भांडण मिटलं की छपाई. प्रेस बंद झाल्यावर दौलतकाका कुहीच्या पुढे आपल्या गावी धानाची शेती करायला गेले. पुढे त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचं नागपूरला येणं थांबलं. बाबांचं जाणं पिशवीने थांबवलं. दौलतकाकांना फक्त "पोटाचं ऑपरेशन" एवढंच माहीत होतं. दरवर्षी धान निघालं की ते बोलवायचे आणि बाबा काहीतरी कारण सांगायचे.

आई पाच वर्षांपूर्वी गेली. घरात मी आणि बाबा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांच्या जुन्या सोबत्यांची बैठक असते. तिथे बाबा नसले की पत्रकाचा मसुदा पुढे सरकत नाही, असं अजूनही सांगतात. दोन वर्षं ते गेलेले नव्हते. मी त्यांच्या इतकी मागे लागले की शेवटी त्यांनी एक अट घातली. दौलतकडे तीन दिवस राहून बघतो. कोणाला काही कळलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून बैठकीला येतो. कळलं, तर मला बाहेर काढायचा विषय तू पुन्हा काढायचा नाही.

मी कबूल केलं.

मग त्यांनी स्टीलची पट्टी मागितली. विलासभाऊंकडून न्हाणीची मापं घेतली आणि मधल्या खोलीत फरशीवर खडूने अडीच बाय तीनचा चौकोन काढला. भांड्याच्या जागी स्टूल ठेवलं. आठवडाभर ते त्या चौकोनात पिशवी रिकामी करण्याची तालीम करत होते. कोपर रेषेबाहेर गेलं की पुन्हा पहिल्यापासून. मी हसले तर म्हणाले, छपाईचा फर्मा जुळवताना चौकटीतली जागा वाढवता येत नाही, सामान लावायची रीत बदलावी लागते. आधी मोठे ठोकळे, मग बारीक सामान, आणि उरलेल्या फटीत पट्ट्या.

ज्यांना कधी अशा गाडीने जावं लागेल त्यांच्यासाठी त्यांची मांडणी लिहून ठेवते. दाराच्या आतल्या बाजूला चपला ठेवायची कप्प्यांची कापडी झोळी टांगली. वरच्या कप्प्यांत नव्या पिशव्या, मधल्यात कात्री, पावडर आणि मऊ कापड, खालच्यात वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे. वापरलेली पिशवी दुहेरी कागदात गुंडाळायची. घरात पत्रकांची रद्दी ढिगाने होती, पण तिला बाबांनी हात लावू दिला नाही. मग्गा पायजम्याच्या नाडीने नळाला बांधला, म्हणजे वळणावर घरंगळणार नाही. आरसा तोंडाच्या उंचीवर होता, तो काढून पोटाच्या उंचीवर लावला. आंघोळ भांड्यावर झाकण टाकून त्यावर बसूनच. आधी अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पाणी. पाच लिटरमध्ये होते. झाल्यावर भिंती पुसून घ्यायच्या, नाहीतर पुढच्या वेळी कागद ओले. आणि आत गेलं की पंखा लावायचा. हवा खेळावी म्हणून तर खरंच, पण पोटाच्या त्या वाटेला आवाज दाबता येत नाही म्हणूनही.

पाचगावचे पोहे

सकाळी आठला निघालो. दिघोरीचा नाका ओलांडून उमरेड रोडला लागलो. विलासभाऊ सक्करदऱ्याच्या तलावापासून बोलत होते. या गाडीत कोण कोण बसलं, कोणाला उलटी झाली, कोणत्या नवरा-बायकोचं ताडोब्याच्या फाटकावर भांडण झालं. बाबांना ते 'काकाजी' म्हणायचे. गाडी त्यांनी स्वतः बांधलेली, त्यामुळे तिच्यातल्या प्रत्येक स्क्रूबद्दल त्यांना अभिमान. न्हाणी खरोखर वापरणारा माणूस भेटला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो आनंद त्यांना लपवता येत नव्हता. आम्ही त्यांना सगळं सांगितलेलं होतं, कारण गाडी त्यांचीच.

पाचगावला तर्री-पोह्यांच्या टपरीवर थांबलो. बाबांनी कोरडे पोहे मागितले. नागपूरच्या माणसाने तर्री नको म्हटल्यावर पोहेवाल्याने मान वर करून पाहिलं, "तब्येत बरी नाही का बाबूजी?" म्हणाला. दोन वर्षांनंतर बाहेरच्या माणसाने बाबांना विचारलेला हा पहिला प्रश्न. बाबा पोह्यांची प्लेट अर्धी ठेवून गाडीत गेले. पंख्याची घरघर सुरू झाली. मी आणि विलासभाऊ बाहेर चहा घेत थांबलो. घरी मी आत स्वयंपाक करत असते, त्यामुळे किती वेळ लागतो ते मला कधी कळलं नव्हतं. चहा संपला, दुसरा सांगितला, तोही निवला.

बाहेर आले तेव्हा त्यांनी शर्ट इन केलेला होता. म्हणाले, "कोपर दोनदाच लागलं."

पाचगावच्या पुढे कुहीकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या लागतात. कापणी होत आली होती. जिथे धान कापलेलं, तिथे पिवळे खुंट आणि त्यात साचलेलं गढूळ पाणी, जिथे उभं, तिथे वाकलेलं, भिजलेलं. कापणीच्या ऐन दिवसांत ढग आले होते. आभाळ तीनही दिवस उघडलं नाही. बाबा खिडकीतून बघत होते, पण बघण्यात लक्ष नव्हतं. हात शर्टावरून पोटावर होता.

दौलतकाकांच्या दारात

गावाचं नाव देत नाही. धरणाचं पाणी फुगल्यावर अर्धं गाव उठवून दुसरीकडे बसवलं, उरलेल्या अर्ध्यात दौलतकाकांचं घर. अंगणात धानाचे पुंजणे रचलेले, म्हणजे पेंढ्यांचे घरापेक्षा उंच ढीग, वर प्लास्टिक टाकलेलं. दौलतकाका काठी टेकत फाटकापर्यंत आले. दोघं म्हातारे एकमेकांना मिठी मारतील असं मला वाटलं होतं. दौलतकाकांनी हात पुढे केलेही, पण बाबांनी त्यांचे दोन्ही पंजे हातात घेतले आणि त्यांना अंतरावरच धरून ठेवलं. पिशवी दाबली जाऊ नये म्हणून. दौलतकाकांना त्यातलं काय समजलं कोण जाणे. ते म्हणाले, "काहून गा मधू, हात मिळवून राहिला? मी का साहेब हाय?"

झोपायला गाडीतच राहणार, हे सांगणं त्याहून अवघड होतं. ठरल्याप्रमाणे ते मी माझ्यावर घेतलं. मला अशा गाडीत राहायची हौस आहे, ऑफिसातल्या सगळ्यांनी केलं, आता माझी पाळी. दौलतकाकांनी गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली. पायरीवर चढून आत डोकावले. "पोरीले शहराची हौस, ते समजलं. पण तू घर सोडून डब्यात झोपून राहिला, मधू? माह्या घरी पलंग नाही का?" बाबा हसले. मला माहीत असलेलं त्यांचं हसणं ते नव्हतं.

काकूंनी दुपारी वडाभात केला होता. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांना सांगते: मोकळा भात, त्यावर डाळींचे तळलेले वडे कुस्करून, आणि वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. दौलतकाकांच्या घरी धान निघालं की पहिला नवा तांदूळ पाहुण्याच्या ताटात असाच वाढतात. बाबा प्रेसमध्ये असताना काकू डबा पाठवायच्या, तेव्हा बाबांच्या वाट्यावरून भांडणं होत. आणि आता बाबांनी ताटावर हात आडवा धरला. तळलेल्या डाळीने पोटात वारा धरतो, पिशवी फुगते आणि कधी कधी कडेने सुटते. साधा भात आणि ताक चालेल म्हणाले.

काकू म्हणाल्या, "भाऊजी, एवढा तरी घ्या." दोनदा म्हणाल्या. आमच्याकडे शहरात नको म्हटलं की वाढणारा पुढे जातो. तिथे नको म्हटलं की वाढणारा जागच्या जागी उभा राहतो, हातातला चमचा तसाच, आणि सगळं घर ताटाकडे बघतं. शेवटी दौलतकाका म्हणाले, "माह्या घरचं अन्न तुले आता पचत नाही का गा?"

"पोट ठीक नाही, दौलत."

"पोट ठीक नाही, तर आला काहून?"

त्यांनी ते हसत म्हटलं, पण आपल्या ताटातला वडाभात त्यांनीही खाल्ला नाही. मी दोन वेळा मागून घेतला. त्याने काही भरून निघालं नाही.

अंभोऱ्याचं पाणी

दुसऱ्या दिवशी विलासभाऊंनी सगळ्यांना अंभोऱ्याला नेलं. नवा पूल झाल्यापासून तिथे नागपूरची गर्दी असते. भज्यांच्या गाड्या, फोटो काढणारे, हॉर्न. त्या दिवशी ढगांमुळे माणसं कमी होती. वैनगंगेचं पाणी कडेपर्यंत करडं पसरलेलं, वारा नाही, लाट नाही. दौलतकाका काठीने दाखवत होते, तिथे खाली अमक्याचं शेत होतं, तिथे शाळा, तिथे आमची जुनी वाट. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं. ते बोटाने जागा दाखवत राहिले आणि आम्ही पाणी बघत राहिलो.

तिथे मात्र दोघांचं जुनं जमलं. कठड्याला टेकून पत्रकाच्या मजकुरावर वाद सुरू झाला. नव्या कायद्यांबद्दल बैठकीने काय लिहावं, पहिलं वाक्य प्रश्नाचं असावं की नसावं. बाबांचा आवाज चढला. बऱ्याच दिवसांनी ऐकला तो आवाज. मी आणि काकू थोडं दूर उभ्या होतो. बाबांनी बोलता बोलता "येतोच" म्हटलं आणि गाडीत गेले. वीस मिनिटांनी आले. वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. तासाने पुन्हा तसंच. दौलतकाकांनी दोन्ही वेळा काही विचारलं नाही, फक्त पाण्याकडे बघत थांबले.

परतताना बाबा माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "जमलं वाटते." एवढंच. पण मला सगळं कळलं. मी मनात पुढच्या पहिल्या रविवारची तयारीही करून टाकली.

दौलतकाकांच्या घरी पोचल्यावर न्हाणीतला लाल दिवा लागला. भांड्याखाली वीस लिटरचा एक डबा असतो, गाडीच्या बाहेरून झडप उघडून काढता येतो. तो भरला की दिवा लागतो. वास येईल या भीतीने बाबा पिशवी दोन-दोनदा धूत होते, म्हणून तीन दिवसांचा डबा दोन दिवसांत भरला. विलासभाऊ, मी आणि बाबांनी ठरवलं, सकाळी लवकर कुहीला जाऊन एका ओळखीच्या पेट्रोल पंपावरच्या संडासात मी तो रिकामा करून आणीन. दौलतकाकांच्या परसातला संडास अगदी शेजारी होता. पण तो वापरायचा म्हणजे अंगणातून सगळ्यांसमोर डबा न्यायचा, आणि मग विचारणं आलं.

आमची चूक एवढीच की डबा भरल्याचंही घरात कोणाला कळू द्यायचं नाही, हे विलासभाऊंना सांगितलं नाही. आणि विलासभाऊ मदतीला नेहमी तयार.

तिसरी सकाळ

मी तोंड धुऊन काकूंकडून चहा घेऊन येत होते. धान काढायचं मशीन अंगणात येऊन उभं होतं. मजूर आले होते, शेजारचे आले होते, दहा-बारा माणसं. बाबा आत न्हाणीत होते. आज पिशवी बदलायचा दिवस.

गाडीच्या मागच्या अंगाला एक माणूस गुडघ्यावर बसला होता. अनवाणी. शेजारी प्लास्टिकची बादली आणि आखूड दांड्याचं फावडं. तो झडप उघडत होता आणि विलासभाऊ त्याला कडी कुठे आहे ते दाखवत होते. माझी कुहीची खेप वाचावी म्हणून कालच संध्याकाळी त्यांनी दौलतकाकांच्या मुलाला, सुरेशला, संडासाचा डबा भरल्याचं सांगितलं होतं, पिशवीबद्दल काही न सांगता. सुरेशने फोन केला होता. तो माणूस, सदाशिव, शेजारच्या गावातून सायकलने आला होता. कोणत्या वस्तीतून, ते मला विचारावं लागलं नाही.

मी चहाचे कप जमिनीवर ठेवले. त्यानंतर मी जे बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते मी लहानपणापासून वाचत आले होते.

"थांबा. हात लावू नका. सुरेशभाऊ, माणसाला हे काम करायला बोलावणं गुन्हा आहे, माहीत आहे ना तुम्हाला? प्रत्येक वेळी त्याच वस्तीतला माणूस काहून लागतो? घाण कोणाची आहे? माझ्या बापाची आहे. त्यांच्या पोटावर पिशवी आहे, तिच्यातली आहे. मी त्यांची मुलगी आहे. मी उचलते."

मशीन सुरू झालेलं नव्हतं. अंगणात माझाच आवाज होता. दौलतकाका फाटकापाशी उभे होते, काकू दारात. सुरेश खाली बघत होता. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, एका बोटाच्या जाडीच्या फायबरच्या पलीकडे, पंखा घरघरत होता. तो बंद झाला.

आवाज येऊ नये म्हणून बाबा पंखा शेवटपर्यंत बंद करत नसत. त्या दिवशी त्यांनी तो मध्येच बंद केला. बहुतेक नीट ऐकू यावं म्हणून.

सदाशिव उठला. हात पायजम्याला पुसले. तो चाळिशीचा असावा. रागात नव्हता. म्हणाला, "ताई, चाकाचा डबा हाय हा. मी ढकलत नेला असता, हातालेही लागलं नसतं. तुम्ही माह्यासाठी भांडून राहिल्या, पण मले इचारलं नाही. आता साऱ्या गावात सांगतील, सदाशिवले हाकललं." त्याने बादली सायकलला अडकवली आणि गेला. मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले, काहीतरी म्हणाले, ते त्याने ऐकलं नाही किंवा ऐकून घेतलं नाही. प्रत्येक वेळी तोच माणूस का, हा प्रश्न माझ्या मते अजूनही बरोबर आहे. पण तो विचारायला मी जे पुढे केलं, ते माझं नव्हतं.

मी डबा बाहेर ओढला. हँडल होतं, चाकं होती. अंगणातून, पुंजण्यांच्या मधून, दहा-बारा माणसांसमोरून तो परसातल्या संडासापर्यंत नेला. सगळ्यांनी वाट दिली. रिकामा केला, दोनदा धुतला, परत आणून बसवला. त्या वेळी मला वाटत होतं की मी बाबांनीच शिकवलेलं करते आहे.

बाबा पाऊण तासाने बाहेर आले. तोपर्यंत सगळ्यांना सगळं समजलं होतं आणि सगळे चांगले वागत होते. हे मला लिहायला सर्वांत जड जातं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. काकूंनी वाटीत मऊ भाताची पेज आणली आणि परवाच्या वडाभाताबद्दल माफी मागितली. शेजारच्या बाईने विचारलं, दुखते का हो बाबूजी? एका मजुराने आपल्या मामाचंही असंच झाल्याचं सांगितलं, मामा किती दिवस जगला तेही सांगितलं. दौलतकाका गाडीच्या पायरीवर बसले, बाबांच्या पायांशी. त्यांचे डोळे भरले होते.

"मले काहून नाही सांगितलं गा? मी का परका हाय? घरात ये, मधू. मी धुऊन देईन तुह्या पिशव्या."

बाबांनी त्यांना हात जोडले. ज्या माणसाशी काल पुलावर पहिल्या वाक्यावरून कडकडून भांडले, त्याला हात जोडले. दौलतकाका पुन्हा वादाचं काही बोलले नाहीत. मशीन सुरू झालं, भुसा उडायला लागला, आणि जाता-येता प्रत्येक जण गाडीकडे बघून आवाज खाली आणत होता.

संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. बाबा म्हणाले, आता निघू.

परत

कुही मागे पडल्यावर विलासभाऊंनी माफी मागितली. ते रडवेले झाले होते. बाबांनी त्यांना समजावलं. गाडी छान बांधली आहे, आरसा खालीच राहू द्या, कोणाला तरी उपयोगी पडेल, असं सांगितलं. मी मागे बसून होते. पाचगावला थांबायचं का विचारलं तर नको म्हणाले.

उमरेड रोडला लागल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बोलली त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मीच जुळवलेले शब्द होते ते." दिघोरी जवळ आली. "पण मी आत होतो, मुक्ता."

रागावले असते तर मी भांडले असते. आमच्या घरी भांडणाची सवय आहे. त्या वाक्याशी भांडता येईना.

घरी आल्यावर त्यांनी झोळीचे कप्पे एकेक करून रिकामे केले, सामान पुन्हा कपाटात लावलं. दौलतकाकांचा रोज फोन येतो. पूर्वी ते अर्धा तास राजकारण बोलायचे. आता जेवण काय केलं आणि पिशवी बदलली का, एवढं विचारतात. बाबा शांतपणे उत्तर देतात आणि फोन मला देतात.

पहिला रविवार आला. मी काही म्हटलं नाही, कबूल केलं होतं. तरी सकाळी कपडे करून दाराशी घुटमळले. बाबांनी पत्रकाचा मसुदा घडी घालून माझ्या हातात दिला. पहिलं वाक्य प्रश्नाचं होतं, दौलतकाकांना हवं तसं. "तू वाचून दाखव," म्हणाले.

बैठकीत वाचला. दोन शब्दांवर वाद झाला, मजकूर मंजूर झाला. निघताना तीन-चार म्हाताऱ्यांनी मला गाठलं, मधुकरराव कसे आहेत, काय झालंय नेमकं, येत का नाहीत. मी म्हटलं, बरे आहेत. आणखी विचारलं, तरी तेवढंच.

घरी बाबांनी कोण कोण आलं होतं ते विचारलं, वाद कशावरून झाला ते विचारलं. पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले, "माझं कोणी विचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"बरे आहेत म्हटलं. बाकी काही नाही."

त्यांनी मान हलवली. शर्टाची घडी पोटावरून नीट केली.

"तिथेही एवढंच सांगायचं होतं," म्हणाले.